मदरबोर्ड आणि रॅम यांची सुसंगतता

मदरबोर्ड आणि रॅम यांची सुसंगतता म्हणजे डेस्कटॉप संगणकाची जुळणी करताना निवडलेला प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे भाग एकत्र चालू शकणे होय. हे भाग निरनिराळ्या उत्पादकांचे असू शकतात. मात्र सॉकेट, चिपसेट, बायोस आणि रॅमची पिढी यांपैकी एकही बाब जुळली नाही, तर संगणक सुरू होत नाही. त्यामुळे आधी प्रोसेसर, त्याला अनुरूप मदरबोर्ड आणि त्यानंतर रॅम असा निवडीचा क्रम सोयीचा ठरतो.

सॉकेट आणि चिपसेट

प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला म्हणजे तो चालेलच असे नाही. इंटेलने २०१५ मध्ये सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी एलजीए ११५१ हे सॉकेट आणले. २०१७ मधील आठव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या सॉकेटचे नावही तेच राहिले, परंतु त्यांना ३०० मालिकेतील चिपसेट आवश्यक होता. केवळ सॉकेटचे नाव पाहून जुना मदरबोर्ड घेणाऱ्यांची यामुळे फसगत होते.

एएमडीच्या एएम४ सॉकेटबाबत अडचण बहुधा बायोसची असते. २०१८ मधील बी४५० चिपसेटचे अनेक मदरबोर्ड २०२० मधील रायझेन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालवतात, मात्र बायोस अद्ययावत केल्यानंतरच. काही मदरबोर्डांवर प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येते. ही सोय नसल्यास आधी जुना प्रोसेसर मिळवावा लागतो.

रॅमची पिढी आणि प्रकार

रॅमचे नियंत्रण पूर्वी मदरबोर्डावरील चिपसेटकडे असे. डेस्कटॉप संगणकांत ते एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये प्रोसेसरमध्येच आणले. परिणामी रॅमची पिढी मदरबोर्डाप्रमाणेच प्रोसेसरवरही अवलंबून असते. एएम५ सॉकेटवर केवळ डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे प्रोसेसर डीडीआर४ व डीडीआर५ दोन्ही चालवतात, पण मदरबोर्ड सहसा एकाच प्रकारचा असतो.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींच्या पट्ट्यांना २८८ पिना असतात. त्यांची खाच मात्र वेगळ्या ठिकाणी असते आणि विद्युतदाबही अनुक्रमे १.२ व १.१ व्होल्ट असा भिन्न असतो. पट्टी जोर लावून बसवल्यास खोबण तुटू शकते. याउलट सर्व्हरमधून काढलेली स्वस्त 'रजिस्टर्ड' डीडीआर४ पट्टी डेस्कटॉपच्या खोबणीत नीट बसते, तरीही सामान्य मदरबोर्डावर चालत नाही.

वेग आणि जोडणी

३६०० वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम पुष्कळदा २१३३ किंवा २६६६ वर चालताना आढळते. हा दोष नव्हे. डीडीआर४ साठी जेडेक या संस्थेच्या मानकातील कमाल वेग ३२०० असून, छापील वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी हा पर्याय सुरू करावा लागतो. दुकानांत या आकड्यांपुढे मेगाहर्ट्झ असे लिहितात. प्रत्यक्षात ते प्रतिसेकंद मेगाट्रान्सफर असतात आणि घड्याळाची वारंवारता त्याच्या निम्मी असते.

एका पट्टीपेक्षा समान क्षमतेच्या दोन पट्ट्या अधिक लाभदायक ठरतात, कारण दोन्ही वाहिन्या वापरल्या जातात. चार खोबणी असल्यास त्या पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खोबणीत बसवायच्या असतात. डीडीआर५ च्या चार पट्ट्या लावल्यास वेग बराच उतरतो. तसेच पहिल्यांदा सुरू करताना डीडीआर५ ची जुळवणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. अशा वेळी वीज बंद करू नये.

मदरबोर्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर चाचणी झालेल्या रॅमची यादी आणि प्रत्येक प्रोसेसरसाठी लागणारी किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. यादीबाहेरची रॅमही अनेकदा चालते. बायोस आवृत्तीबाबत मात्र अशी सवलत नसते.