सुतार पक्ष्याच्या ढोलीत अजून पिल्ले आहेत का? कसे ओळखावे

जून लागला की मुरुड परिसरात बांधावरची वठलेली बाभूळ तोडायची, वीजतारांना लागणाऱ्या फांद्या छाटायची घाई सुरू होते. सुतार पक्षी ढोली कोरतो ती अशाच वाळक्या लाकडात. मराठवाड्यात नेहमी दिसणारे सोनपाठी सुतार आणि मराठा सुतार साधारण फेब्रुवारी ते जुलै या काळात वीण करतात. म्हणजे कुऱ्हाड पडते तेव्हा ढोली रिकामी असेलच असे नाही.

ढोलीवरून अंदाज बांधताना दोन गोष्टी फसवतात. झाडाखाली लाकडाच्या ताज्या ढलप्या दिसल्या तर ढोली नुकती कोरली एवढेच कळते. आणि संध्याकाळी पक्षी आत शिरला म्हणजे पिल्ले आहेत असे नाही. सुतार पक्षी एरवीही रात्री ढोलीत झोपतात.

खरी खूण दिवसाची ये-जा. सकाळी वीस-पंचवीस पावलांवर, आडोशाला तासभर बसा. पिल्ले असतील तर नर-मादी पुन्हा पुन्हा येतात, आतून चिरचिर ऐकू येते, कधी पालक विष्ठा चोचीत धरून बाहेर नेताना दिसतो. चोच रिकामी दिसली म्हणून निष्कर्ष काढू नका: सोनपाठी मुंग्या गिळून आणतो आणि पोटातले अन्न पिल्लांना भरवतो. मोठी झालेली पिल्ले तोंडाशी डोकावतात, तेव्हा शंकाच उरत नाही.

अवघड असतो अंडी उबवण्याचा काळ. एक पक्षी आत बसून राहतो आणि बराच वेळ काहीच हालचाल दिसत नाही. म्हणून एका सकाळीवर विसंबू नये, लागोपाठ दोन-तीन दिवस पाहावे. खोडावर ठोकून पाहणे किंवा काठी घालणे टाळा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये संरक्षित पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणे हे शिकारीच्या व्याख्येतच धरले आहे.

थांबावे तरी किती? सोनपाठीची अंडी सुमारे ११ दिवसांत उबतात, पिल्ले आणखी २० दिवसांनी उडतात. फार तर महिनाभर ती एक फांदी सोडून बाकीची छाटता येते.

ढोलीच्या तोंडावर अख्खे कोळ्याचे जाळे असेल आणि तीन दिवसांत कोणी फिरकले नसेल, तर सुतार गेला असे समजायला हरकत नाही. मात्र मैना, पोपट आणि पिंगळा अशा तयार ढोल्या लगेच बळकावतात. तोडण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा बघा.