रफ चित्रांचा फळा



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी उघडली. त्यात प्रशस्तिपत्रकं होती, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची प्रमाणपत्रं होती, बक्षीस मिळालेलं एक चित्रही होतं. रफ कागद मात्र एकही नव्हता. फेअर केलेलं सगळं जपलं आणि ज्यातून ते फेअर झालं ते फेकून दिलं, हे त्या दिवशी फार लागलं.

व्हरांड्यातला तो हिरवा फळा तुम्हाला आठवत असेल. ड्रॉइंगचे सर सोमवारी त्यावर एक विषय लिहायचे. 'बाजार', 'उन्हाळा', 'जेऊर स्टेशन', असा कुठलाही. बुधवारपर्यंत प्रत्येकाने पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने रफ काढून तिथं टाचणीने लावायचं. मग मधल्या सुट्टीत सगळ्यांनी सगळ्यांची रफ बघायची, चांगलं-वाईट बोलायचं, आणि शनिवारी कार्डशीटवर रंगवून फेअर चित्र द्यायचं. आपल्याला वाटायचं, ही सरांची स्वतःची टूम आहे. पुढं नोकरीनिमित्त पुस्तकं चाळताना कळलं, या रीतीला मोठा इतिहास आहे. तोच थोडक्यात सांगतो, आणि शेवटी त्या फळ्यापाशी राहून गेलेली एक गोष्टही सांगतो.

लंडनमध्ये १७९९ साली टॉमस गर्टिन आणि त्याचे काही तरुण चित्रकार मित्र आळीपाळीने एकमेकांच्या घरी संध्याकाळी जमू लागले. ज्याच्या घरी बैठक, तो विषय द्यायचा, बहुधा एखाद्या कवितेतला उतारा. कागद-रंगही त्यानंच पुरवायचे. सगळ्यांनी त्याच विषयावर तिथंच चित्र काढायचं आणि ती चित्रं यजमानाकडं राहायची. पुढं १८०८ मध्ये शॅलॉन बंधूंनी अशीच मंडळी जमवली आणि ती १८५१ पर्यंत टिकली. विषय एक आणि हात अनेक. आपला फळा त्याच कुळातला.

आपल्या महाराष्ट्रात चित्रकलेचं शिक्षण रुजलं ते १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून. तिथल्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन केलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे अजिंठा. त्याआधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत राहून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या होत्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेल्या असताना १८६६ च्या आगीत गेल्या. मग कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत जाऊ लागले. हे काम १८८५ पर्यंत चाललं. अंधाऱ्या लेण्यांत, पोपडे सुटलेल्या भिंतीसमोर बसून त्या मुलांनी एकेक आकृती कॅनव्हासवर उतरवली. या प्रतीही लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये तिथं पुन्हा आग लागून त्यांतल्या कितीतरी जळाल्या. उरलेल्यांच्या आधारावर १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड निघाले. मुखपृष्ठावर नाव ग्रिफिथ्स यांचं आहे. ते योग्यच आहे, इतकी वर्षं त्यांनीच काम रेटलं. पण ज्या विद्यार्थ्यांचे हात त्या प्रतींमागं होते, त्यांतलं पेस्तनजी बोमनजींसारखं एखादंच नाव आज कलेच्या अभ्यासकांबाहेर कुणाला ठाऊक असेल. बाकीच्यांचं काम राहिलं, नाव मागं पडलं.

पुढं १९२० च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी याच शाळेत भित्तिचित्रांचा वर्ग काढला. त्या दशकाच्या अखेरीस नवी दिल्लीच्या सचिवालयातल्या दालनांत या शाळेच्या चित्रकारांनी चित्रं केली. एवढ्या मोठ्या भिंतीचं काम एकट्यादुकट्याचं नव्हे. आधी लहान रेखाटनं करायची, ती सगळ्यांपुढं ठेवायची, कुणाचा हात कुठं चांगला चालतो ते बघायचं आणि मग भिंतीएवढा खाका करायचा. म्हणजे तिथंही सुरुवात रफपासूनच.

हे झालं मुंबई-दिल्लीचं. जेऊरसारख्या गावात चित्र पोचलं ते दिवाळी अंकातून आणि कॅलेंडरातून. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि पुढं मराठी मुलखात त्याची प्रथाच पडली. दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचं 'दीपावली' सुरू केलं. रघुवीर मुळगावकरांच्या देवादिकांनी तर घराघरातल्या भिंती भरल्या. विचार करा, दरवर्षी विषय तोच, दिवाळी. तीच पणती, तीच रांगोळी, तीच नटलेली बाई. तरी दलालांची रेषा लांबून ओळखू यायची आणि मुळगावकरांचा रंगही. एकाच विषयावर माणूस वेगळा कसा दिसतो, हे आपण त्या मुखपृष्ठांवरून शिकलो.

आणि मग आपली ग्रेड परीक्षा! त्यातला स्मरणचित्राचा पेपर आठवा. राज्यभरातली पोरं त्या दिवशी एकाच प्रश्नपत्रिकेतले विषय घेऊन बसलेली असायची. फक्त तिथं शेजारच्याचा कागद बघायला बंदी होती. सरांच्या फळ्यावर तो बघायलाच लावायचे. परीक्षेत एकट्याने करायचं, ते आधी दहाजणांत बसून शिकायचं, असा सरांचा हिशेब असावा.

आता ती राहिलेली गोष्ट.

नववीत असताना एका सोमवारी सरांनी विषय लिहिला, 'पाणी'. आपल्या दुष्काळी तालुक्यात या विषयाला काय तोटा! बहुतेकांनी हापसा, डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया, कोरडी विहीर असं काढलं. मी टँकर काढला होता. आपल्या वर्गातला एक जण मात्र उजनीत गाव गेलेल्या घरातला होता. धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यानं तसंच काढलं होतं. पाण्यातून वर आलेला नुसता कळस, काठावर गाठोडी घेतलेली माणसं, आणि गाडीला जुंपलेला एक बैल मान वळवून मागं बघतोय. रेषा कच्च्या होत्या, बैलाचे पाय तर चुकलेलेच होते. पण त्या फळ्यावर दुसरं काही बघावंसं वाटेना. आपण सगळे पाणी नाही म्हणून रडत होतो आणि याच्या घरात पाणी आलं म्हणून रडू होतं.

शनिवारी मी टँकर सोडून दिला आणि कळस काढला. माझा हात सफाईचा होता, घरी पोस्टर कलर होते. त्याच्याकडं रंगाच्या चारच वड्या होत्या. माझं चित्र पुढं तालुक्याच्या स्पर्धेत गेलं आणि बक्षीस घेऊन आलं. प्रार्थनेनंतर टाळ्या वाजल्या. सरांनी विचारलं, "ही कल्पना कशी सुचली रे?" मी म्हणालो, "अशीच सुचली, सर." तो दुसऱ्या ओळीत उभा होता. तो काही बोलला नाही. पण त्यानंतर दहावी होईपर्यंत त्यानं फळ्यावर रफ लावलं नाही. थेट शनिवारी फेअर द्यायचा, तेही कसंबसं.

दुसऱ्याचं रफ बघून शिकणं यात चूक काही नाही. सरांनी फळा त्यासाठीच केला होता. चूक होती त्या "अशीच सुचली" या दोन शब्दांत. दहाजणांपुढं अर्धंमुर्धं काम मांडायला धीर लागतो. तो धीर माणूस एका विश्वासावर करतो, की घेणारा निदान सांगेल कुणाकडून घेतलं. मी तो विश्वास मोडला, आणि एका चांगल्या हातानं चित्र सोडलं की काय, ही टोचणी आजही आहे.

आता माझी मुलगी ऑक्टोबर महिन्यात रोज एका शब्दावर शाईचं चित्र काढते. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने २००९ मध्ये ही टूम काढली, आता जगभरची मंडळी त्यात असतात. ती आपलं रफसुद्धा मैत्रिणींना मोबाईलवर दाखवते आणि खाली लिहिते, अमुकचं बघून सुचलं. मला तिचं कौतुक वाटतं, आणि थोडी लाजही.

म्हणून मेळाव्यासाठी एक विनंती. व्हरांड्यात एक फळा लावू. विषय पुन्हा 'पाणी'. येताना कुणीही फेअर आणू नका, पाठकोऱ्या कागदावरचं रफच आणा. चित्र येत नसेल तर चार रेषा चालतील. खाली आपलं नाव लिहा, आणि कुणाचं बघून सुचलं असेल तर त्याचंही. बक्षिसाचं ते चित्र मी घेऊन येतोय. त्याच्या मागं मी आता दुसरं नाव लिहिलं आहे. ज्याचं आहे तो मेळाव्याला येणार असल्याचं कळलं. मित्रा, पहिली टाचणी तू लाव.