संत सेबॅस्टियन, रक्तसाक्षी
(स्मरणदिन : २० जानेवारी)

खांबाला बांधलेला, अंगात बाण रुतलेला तरुण ही संत सेबॅस्टियन यांची प्रतिमा जगभरच्या ख्रिस्ती लोकांच्या परिचयाची आहे. त्यामुळे बाणांनीच त्यांचे प्राण घेतले असा समज रूढ झाला. परंपरेतील वृत्तान्त मात्र निराळा आहे. बाण लागूनही ते जिवंत राहिले, बरे झाले आणि पुन्हा सम्राटासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना मरण आले ते त्यानंतर.

इतिहासाच्या कसोटीला उतरणारी माहिती थोडीच आहे, पण ती भक्कम आहे. इ. स. ३५४ च्या रोममधील एका पंचांगवजा ग्रंथात हुतात्म्यांच्या दफनदिनांची यादी आढळते. तीत २० जानेवारीला पोप फाबियन आणि सेबॅस्टियन अशी दोन नावे असून सेबॅस्टियन यांची कबर अप्पिया मार्गावरील 'काताकुंबास' येथे असल्याची नोंद आहे. (पुढे या एका ठिकाणाच्या नावावरूनच सर्व भूमिगत दफनस्थानांना 'कॅटॅकोम' म्हणू लागले.) मिलानचे महागुरू संत अँब्रोज यांनी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिले की, सेबॅस्टियन मूळचे मिलानचे होते व तेथून ते रोमला गेले. म्हणजे त्यांचे अस्तित्व, रक्तसाक्ष्य व कबर यांविषयी शंकेला जागा नाही.

बाकीचा तपशील पाचव्या शतकातील चरित्रातून येतो. त्यातील लांबलचक संवाद हे लेखकाचे काम आहे, हे वाचताना सहज जाणवते. त्या चरित्रानुसार सेबॅस्टियन हे सम्राट डायोक्लेशियन (कारकीर्द इ. स. २८४–३०५) याच्या रक्षकदलातील अधिकारी होते. आपला विश्वास गुप्त ठेवून ते तुरुंगातील ख्रिस्ती बंदिवानांना धीर देत. हे उघडकीस येताच सम्राटाने त्यांना धनुर्धाऱ्यांच्या स्वाधीन केले. मारेकरी त्यांना मेलेले समजून निघून गेले.

रात्री इरेने नावाची विधवा प्रेताचे दफन करण्यासाठी तेथे आली. तिचा पती कास्तुलस हाही ख्रिस्तासाठी प्राण दिलेला. सेबॅस्टियन यांच्यात धुगधुगी आहे हे तिच्या ध्यानात आले. तिने त्यांना घरी नेऊन त्यांच्या जखमांची शुश्रूषा केली. छळाच्या त्या दिवसांत राजद्रोही ठरलेल्या माणसाला घरात ठेवणे म्हणजे स्वतःच्या जिवावर उदार होणे होते. संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी या आपल्या भागातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांतील मुलींनी परिचारिकेचे व्रत घेतले आहे. अशा घरांमध्ये हा प्रसंग अवश्य सांगितला जावा. चित्रांत बाण दिसतात. इरेने क्वचितच दिसते.

बरे झाल्यावर सोबत्यांनी त्यांना रोम सोडण्याची विनवणी केली. सेबॅस्टियन यांनी ती मानली नाही. सम्राटाच्या वाटेवर उभे राहून ख्रिस्ती लोकांवरील अन्यायाचा त्यांनी त्याला उघड जाब विचारला. या वेळी त्यांना सोट्यांनी मारून ठार करण्यात आले व देह शहराच्या गटारात टाकण्यात आला. लुसिना नावाच्या ख्रिस्ती स्त्रीने तो काढून अप्पिया मार्गावर पुरला, असे चरित्र सांगते. परंपरेने हा काळ इ. स. २८८ च्या सुमाराचा मानला जातो.

रोममधील 'बेड्यांतील संत पेत्र' मंदिरात सातव्या शतकातील एक रंगीत पाषाणचित्र आहे. त्यात सेबॅस्टियन दाढीधारी प्रौढ पुरुष म्हणून दाखवले आहेत. बाण विंधलेला सुकुमार तरुण लोकप्रिय झाला तो पुढच्या शतकांतील चित्रकारांमुळे.

साथीच्या रोगांत त्यांचा धावा का केला जातो? देवाच्या हातून सुटलेला बाण म्हणजे रोगराई, ही कल्पना प्राचीन आहे. स्तोत्र ९१ मध्येही बाण व मरी यांचा उल्लेख लागोपाठ येतो. इ. स. ६८० मध्ये इटलीतील पाविया शहरी मरीने थैमान घातले असता रोमहून संतांचे अवशेष आणून त्यांच्या नावाची वेदी उभारली गेली आणि साथ ओसरली, असे इतिहासकार पॉल डीकन यांनी नोंदवले आहे. १३४८ च्या महामारीनंतर युरोपभर ही भक्ती वाढली आणि पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर पोहोचली. पणजीच्या फोंताइन्हास भागात त्यांच्या नावाचे कपेल आहे. केरळात तर जानेवारीत या संताचा बाण मिरवणुकीने घरोघरी नेला जातो, आणि आर्थुंकल येथील उत्सवात अन्यधर्मीय भाविकही मोठ्या संख्येने येतात.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधवांनी गावठाणांत क्रूस उभारले. त्यांतील अनेक क्रूस वांद्र्यासारख्या भागांत आजही आहेत आणि लोक त्यांना 'प्लेगचे क्रूस' म्हणून ओळखतात. आपल्या भागात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेइतकी या संताची भक्ती रुजलेली नाही. तरीही २०२० च्या साथीत त्यांचे नाव अनेक ठिकाणी पुन्हा प्रार्थनेत आले. त्यांची मध्यस्थी मागताना एवढे ध्यानात असावे की, ज्यांच्याकडे आपण बाणांपासून रक्षण मागतो त्यांना स्वतःला बाण चुकले नव्हते, आणि ते वाचले ते एका स्त्रीच्या शुश्रूषेने.

उपासनेच्या दिनदर्शिकेत २० जानेवारी हा ऐच्छिक स्मरणदिन आहे. त्याच दिवशी इ. स. २५० मध्ये हुतात्मा झालेले पोप संत फाबियन यांचेही स्मरण असते; दोघांपैकी कोणाच्याही नावे पवित्र मिस्सा अर्पण करता येते आणि त्या वेळी धर्मगुरू लाल वस्त्रे परिधान करतात. २० जानेवारी रविवारी आल्यास मात्र रविवारचीच उपासना होते.