आवाज सुरू झाल्यानंतर



मी आठवीत शाळा सोडली आणि पुढचे शिक्षण कारखान्यांच्या दारात घेतले. तेव्हा मला इतिहासावर बोलायला बोलावून संयोजकांनी थोडा धोकाच पत्करला आहे. परंतु हा विषय माझ्या नडीचा आहे. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात एकेकाळी पाळी सुटण्याच्या वेळी गेटवर उभे राहिले की हजार माणसे समोर येत. आज त्यांतल्या पुष्कळ गेटांच्या जागी मॉल आणि मनोरे आहेत. कामगार कंत्राटावर विखुरला, राहायला बदलापूर नाही तर विरारला गेला. गेट मीटिंग घ्यावी तर गेटच नाही! म्हणून आम्ही चौघापाचांनी पॉडकास्ट सुरू केला. बोलणे मुद्रित करून ठेवायचे. ज्याला हवे त्याने हवे तेव्हा, लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकायचे. पहिल्या भागाला नारळ फुटला, पेढे वाटले. आठव्या भागाला ऐकणारे उरले ते आम्ही आणि आमच्या घरची माणसे, तीही भिडेखातर.

तेव्हा मी जुने दाखले शोधू लागलो. पॉडकास्ट हा शब्द २००४ सालचा, पण थाटात सुरू झालेला आवाज पुढे कसा जगवावा, हा प्रश्न मुंबईला फार आधी पडलेला आहे.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र उघडले. क्षेपक दीड किलोवॅटचा; त्याची हाक सुमारे तीस मैल जाई, म्हणजे बोरिवली आणि मुलुंड सहज आवाक्यात. कंपनीचे उत्पन्न दोन वाटांनी येई: श्रोत्याच्या वार्षिक दहा रुपयांच्या परवान्यातला मोठा हिस्सा आणि परदेशातून येणाऱ्या रेडिओयंत्रांवरची पट्टी. परवाने काही आठ हजारांवर गेले नाहीत, आणि १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे वाजले. भांडवल अपुरे होते असे म्हणतात, ते खरेच आहे. पण माझ्यासारख्याला दुसरेच दिसते. ज्या शहरात लाखावर माणसे गिरण्यांत राबत होती, त्या शहरात हा आवाज साहेबाच्या आणि शेटजीच्या दिवाणखान्यात बोलत राहिला. पुढे सरकारने केंद्र चालवायला घेतले, आणि ऑक्टोबर १९३१ मध्ये तेही बंद करण्याचे ठरवले. तेव्हा मात्र ओरड झाली, आणि नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला. श्रोते थोडेच होते. पण ते बोलले!

आता दुसरा दाखला, आणि तो मला अधिक शिकवून गेला. १९५२ साली आकाशवाणीने सिनेसंगीताकडे पाठ फिरवली. नभोवाणीमंत्री केसकर यांच्या शुद्ध अभिरुचीचा असा फायदा रेडिओ सिलोनला झाला! त्याच वर्षी ३ डिसेंबरला, बुधवारी, सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. कार्यक्रम मुद्रित होई मुंबईत आणि फिती विमानाने कोलंबोला जात. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम ओळखून पत्र टाकायचे, आणि बक्षीस शंभर रुपये, एवढाच डाव. संहिता लिहिणे, बोलणे आणि आलेली पत्रे तपासणे, ही तिन्ही कामे या एका पोराच्या गळ्यात पडली, कारण वेतन इतके किरकोळ की अनुभवी माणूस कोण घेणार? पहिल्याच खेपेला नऊ हजार पत्रे आली. वर्षभरात ती आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली.

इतकी पत्रे उघडणे अशक्य झाले, तेव्हा बक्षीस बंद करून गाण्यांची लोकप्रियतेनुसार क्रमवारी आली. पण श्रोता सुटला नाही. क्रमवारीसाठी तबकड्यांच्या खपाबरोबर गावोगावच्या श्रोतासंघांचे मत घेतले जाई. ऐकणाऱ्याला आपण पंच आहोत असे वाटे. मग तो पुढचा बुधवार चुकवील कसा? सिलोनवर हा कार्यक्रम १९८८ पर्यंत चालला.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव न घेता मी खाली बसलो तर माझे सभासद मला घरात घेणार नाहीत. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ १८८० मध्ये लोखंड्यांनी मुंबईत हाती घेतले. ते केवळ अंक छापत बसले नाहीत. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या घेतल्या. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, ती या वाटेने.

हे वाचल्यावर मी आमचे जुने भाग पुन्हा ऐकले, आणि मला लाज वाटली. आम्ही ठराव वाचून दाखवीत होतो. नवव्या भागाच्या शेवटी पहिल्यांदा प्रश्न विचारला: तुमच्या पगाराच्या चिठ्ठीतली कोणती कपात तुम्हाला कळत नाही? फोनवर बोलून पाठवा. अकरा जणांचे आवाज आले. मुलुंडच्या एका बाईंनी विचारले, ठेकेदार बदलला की माझ्या भविष्यनिर्वाह निधीचे काय होते? दहावा भाग आम्ही त्यांच्याच आवाजाने सुरू केला, आणि तो त्यांनी आपल्या पाळीतल्या साऱ्या बायकांना पाठवला. आता बुधवार रात्री आठची वेळ ठरली आहे. ती सयानींपासून उचलली, हे कबूल करतो. सध्या उत्तर न दिलेले त्रेसष्ट निरोप फोनवर पडून आहेत. त्यांतल्या निम्म्यांची तक्रार अशी, की माझा आवाज फार मोठा लागतो.