अब्राहम झाकुतोचे तक्ते

विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेलं की ध्रुवतारा क्षितिजाखाली जातो. जहाजावर सेकंड मेट असताना मला त्याचं काही वाटायचं नाही. हाताशी सेक्स्टंट असायचा आणि कपाटात त्या वर्षाचं नॉटिकल अल्मनॅक. पंधराव्या शतकात आफ्रिकेचा किनारा धरून गिनीच्याही खाली उतरलेल्या पोर्तुगीज तांडेलांची मात्र इथे पंचाईत झाली. त्यांचे अक्षांश ध्रुवताऱ्याच्या उंचीवर बेतलेले. आता उरला सूर्य, आणि तो तर रोज जागा बदलणारा.

मुरगावच्या बाहेर 21 मार्चला भर दुपारी सूर्याची उंची घेतली तर ती साधारण साडेचौऱ्याहत्तर अंश भरते. 90 मधून वजा केली की साडेपंधरा, झाला अक्षांश. सोपं, कारण त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो. 21 जूनला त्याच जागी तो 82 अंशांवर, आणि तोही उत्तरेला कललेला. त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून तो किती अंशांवर आहे, हे ठाऊक नसेल तर हिशेब फसला. मार्चच्या सुमाराला ही क्रांती दिवसाला जवळपास 24 कलांनी बदलते. रोजच्या क्रांतीच्या तक्त्यातली एक ओळ खालची वाचली गेली, की जहाज नकाशावर 24 सागरी मैल भलतीकडे!

हे तक्ते ज्याच्या गणितातून आले तो अब्राहम झाकुतो स्पेनमधल्या सालामांकाचा ज्यू ज्योतिर्विद. मूळ ग्रंथ त्याने 1470 च्या दशकात हिब्रूत लिहिला. पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव याच्या दरबारातला ज्यू वैद्य जुझे व्हिझिन्यो यानेही याच विद्येत हात घातला होता. राजाने 1485 मध्ये त्याला गिनीला पाठवलं, तिथे जाऊन सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढायला.

1492 मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, तेव्हा झाकुतो पोर्तुगालात आला आणि राजज्योतिषी झाला. फेब्रुवारी 1496 मध्ये लैरिया गावातल्या सॅम्युअल द ओर्तास या ज्यू मुद्रकाच्या छापखान्यातून त्याचं ‘अल्मनाक पेर्पेतुउम’ बाहेर पडलं. हिब्रूतून उतरवून घेण्याचं काम व्हिझिन्योचं. त्याच वर्षी डिसेंबरात नवा राजा मानुएल याने फर्मान काढलं की ज्यूंनी पोर्तुगाल सोडावं. पुढच्या वर्षी तर जाऊही न देता हजारोंना जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला. जुलै 1497 मध्ये वास्को द गामा लिस्बनहून निघाला तो झाकुतोच्या विद्येच्या आधारावर. वाटेत सेंट हेलेना उपसागरात त्याने मोठं लाकडी अॅस्ट्रोलेब किनाऱ्यावर उतरवून सूर्य मोजला, कारण हेलकावणाऱ्या डेकवर मोजमाप नीट होईना. झाकुतो मात्र देशोधडीला लागून ट्युनिसला पोचला.

परतीच्या वाटेवर 1498 मध्ये गामाची जहाजं कारवारजवळच्या अंजदीव बेटाला लागली. तिथे गोव्याच्या सत्ताधीशाच्या चाकरीतला एक ज्यू माणूस भेटायला आला. हेर समजून त्याला धरलं, मारहाण केली, लिस्बनला नेलं आणि बाप्तिस्मा देऊन नाव ठेवलं गास्पार द गामा. म्हणजे पकडणाऱ्याचंच आडनाव! 1500 मध्ये पोर्तुगीज कप्तान काब्रालच्या आरमाराबरोबर तो दुभाषा म्हणून निघाला. ब्राझीलचा किनारा दिसला तेव्हा तो जहाजावर होता, आणि नंतर कालिकत-कोचीनलाही पोचला.

या मंडळींच्या सन्मानार्थ एखादं पदक पाडावं, असं मला मनापासून वाटतं. चंद्रावरच्या एका विवराला झाकुतोचं नाव दिलेलं आहेच. पण पदकावर नुसतं शीड आणि अॅस्ट्रोलेब कोरून भागणार नाही. एका बाजूला क्रांतीचा तक्ता हवा, दुसऱ्या बाजूला हद्दपारीचं फर्मान, आणि दोन्हींवर साल एकच: 1496. ज्या विद्येने गोव्याची वाट दाखवली, तिच्याच माणसांच्या मागे इन्क्विझिशनही 1560 मध्ये गोव्यात येऊन पोचलं. स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यू आईबापांचा मुलगा, वैद्य गार्सिया द ओर्ता याने इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला. मरणानंतर, 1580 मध्ये, त्याची हाडं उकरून जाळली गेली. सन्मान करणाऱ्यांनी हाही जमाखर्च मांडावा.