स्लाऊची बंदी आणि मुंबईची साथ

२४ ऑक्टोबर २०२० पासून स्लाऊमध्ये एका घरच्यांनी दुसऱ्यांच्या घरात भेटण्यास सरकारने बंदी केली. सणावाराला पाहुण्यांनी भरणारी आपली घरे. आम्हांस ती बंदी फार जड गेली.

आपल्या वाडवडिलांनी मात्र मुंबईत याहून भयंकर साथ पाहिली. जून १९१८ मध्ये प्रथम सात पोलीस शिपाई तापाने पडले; त्यांतील एक गोदीवर नेमलेला होता. पावसाळ्याअखेर इन्फ्लुएंझा पुन्हा उलटला आणि ६ ऑक्टोबर या एका दिवसात ७६८ माणसे दगावली. रोगाचे खरे कारण तेव्हा डॉक्टरांसही ठाऊक नव्हते. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये.

आज आपण जाणतो की इन्फ्लुएंझा व कोरोना या दोन्ही विषाणूंवर चरबीचे पातळ वेष्टन असते. साबणाने ते फुटते व विषाणू निकामी होतो. म्हणून बाहेरून येताच वीस सेकंद हात धुवावेत. परंतु खोकल्याचे बारीक कण हवेतून पसरतात, तेथे साबण पुरत नाही. खोकताना तोंडावर रुमाल धरावा, थंडीतही खिडकी थोडी उघडी ठेवावी. अंगात ताप असता वडीलधाऱ्यांच्या भेटीस न जाता फोनवर खुशाली विचारावी; आणि वडीलधाऱ्यांनीही त्याबद्दल रुसू नये, ही आमची विनंती.