रविवारचा सामना

गेल्या दिवाळीत आपल्या ग्रुपवर एक फोटो आला, आठवतोय ना? १९९५ चा शाळेचा फुटबॉल संघ. मागे शाळेची भिंत, पुढे पोरांच्या दोन रांगा, कुणाचे मोजे घसरलेले, कुणाच्या पायात चक्क पी.टी.चे पांढरे कॅनव्हास बूट. त्या फोटोखाली दिवसभर मेसेज पडत होते. कोण कुठे उभा आहे, कुणाचे केस गेले, कुणाचं पोट आलं. मग कुणीतरी विचारलं, "पण काय बे, आपल्या शाळेत फुटबॉल आला कुठनं? आपण तर क्रिकेट अन् खो-खोवाले." यावर मात्र कुणी काही बोललं नाही. म्हणून स्मरणिका समितीने "तू काहीतरी लिही" असं सांगितलं तेव्हा मी हाच विषय घेतला. फोटोत मी नाही, पण त्या संघाची वही माझ्याकडे असायची. माझं अक्षर बरं म्हणून पी.टी.च्या सरांनी मला स्कोअरर केलं होतं. इतिहासाच्या बाई म्हणायच्या की माझी उत्तरं सनावळीच्या बाहेर पडत नाहीत. बाई, वीस वर्षं कोड लिहून ती खोड आणखी वाढली आहे, सांभाळून घ्या.

खरं उत्तर सोपं आहे. फुटबॉल आपल्या शाळेत एका मुलाबरोबर आला. फोटोत मधोमध, चेंडूवर पाय ठेवून उभा आहे तो. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. वडील रेल्वेत, घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, आजोबा अमेरिकन मिशनच्या शाळेत शिकलेले. आठवीत तो आपल्या वर्गात आला तेव्हा चेंडू सोबत घेऊनच आला. मधल्या सुट्टीत पाच जण, मग पंधरा. सामना सुरू व्हायच्या आधी बाकीची पोरं मैदानाला हात लावून कपाळाला लावायची, एकाच्या खिशात सिद्धरामेश्वराच्या अंगाऱ्याची पुडी असायची. हा जरा बाजूला जाऊन मान खाली घालायचा, नुसते ओठ हलायचे. आपण त्याला "अर्जंट फोन लावतोय" म्हणून चिडवायचो. रविवारी सकाळी तो उपासनेला जायचा आणि तिथून थेट मैदानावर यायचा, इस्त्रीच्या पॅंटवर. पोरं तोपर्यंत थांबायची. चेंडू त्याचा होता हे एक कारण, पण तेवढंच नव्हतं. तो आल्याशिवाय खेळ लागायचाच नाही.

पुढे हे सगळं मी विसरून गेले. काही वर्षांपूर्वी ऑफिसची सहल गोव्याला गेली होती. रविवारी बाकीचे किनाऱ्यावर, मी आणि एक मैत्रीण शिवोली गावात भटकत होतो. दुपारचं ऊन उतरल्यावर मैदानावर सामना सुरू झाला. बायका, म्हातारे, पोरं, सगळं गाव कडेला. आत येणारा प्रत्येक खेळाडू जमिनीला हात लावून क्रूसाची खूण करत होता. आपला मित्र प्रॉटेस्टंट, तो क्रूस काढायचा नाही. तरी मला एकदम तो आठवला. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांना विचारलं, इथे फुटबॉल इतका का? ते म्हणाले, "इथंच तर सुरू झाला, फादर लायन्समुळे."

परत आल्यावर मी वाचायला लागले. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे धर्मगुरू प्रकृतीसाठी हवापालट म्हणून शिवोलीला आले आणि तिथे त्यांनी इंग्रजी शाळा काढली. पुढे ही सेंट जोसेफ शाळा जवळच्या हडफड्याला गेली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं, पण पोटासाठी माणसं ब्रिटिश मुंबईला जात, बोटीवर चढत, रेल्वेत लागत. त्यांना पोर्तुगीज नव्हे, इंग्रजी हवी होती. म्हणून शाळा चालली. या शाळेत फुटबॉल हा ख्रिस्ती शिक्षणाचा भाग होता. धर्मशिक्षणाच्या तासासारखाच मैदानाचा तास.

चेंडूला लाथ मारण्यात कसलं धर्मशिक्षण, असं आपल्याला वाटतं. त्या काळच्या इंग्लंडात तसं वाटत नव्हतं. थॉमस ह्यूजची 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' १८५७ मध्ये आली. धट्टाकट्टा, खिलाडू, खोटं न बोलणारा मुलगा हाच खरा ख्रिस्ती, ही कल्पना त्या कादंबरीने घरोघरी नेली. पाद्री मंडळी गिरण्यांच्या वस्त्यांत दारू आणि मारामाऱ्यांवर उतारा म्हणून संघ काढू लागली. आपली मुलं आज रात्री जागून ज्यांचे सामने बघतात त्यातले किती क्लब प्रार्थनामंदिरातून निघाले हे त्यांना सांगा, विश्वास बसणार नाही. ॲस्टन व्हिला १८७४ मध्ये एका वेस्लियन चॅपलच्या तरुणांनी काढला. एव्हर्टन १८७८ मध्ये सेंट डोमिंगो चॅपलमधून आला. मँचेस्टर सिटी सेंट मार्क्स चर्चमधून. ग्लासगोचा सेल्टिक १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड यांनी उभा केला, तो तिथल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे जमवायला. गिरणीगावच्या आपल्यासारख्यांना यातली गरज वेगळी समजावून सांगायला नको.

हाच खेळ श्रीनगरला गेला तो मात्र छडीच्या जोरावर. सेसिल टिंडेल-बिस्को १८९० मध्ये तिथल्या मिशन शाळेत आले. पुढच्या वर्षी लग्न करून मुंबईहून परतताना त्यांनी कातडी फुटबॉल आणला. शाळेतली बहुतेक मुलं काश्मिरी पंडितांची. कातड्याला शिवायला ती तयार होईनात. बिस्कोसाहेबांनी मैदानाभोवती मास्तरांना काठ्या देऊन उभं केलं आणि पोरांना खेळायला लावलं. चेंडू एका मुलाच्या तोंडावर बसला. विटाळ झाला म्हणून तो रडायला लागला, सगळे भोवती जमले. साहेबांनी त्याला कालव्यावर धुवायला पाठवलं आणि खेळ पुन्हा सुरू केला. ही गोष्ट ते स्वतः मोठ्या अभिमानाने सांगत. पन्नासहून जास्त वर्षं ते त्या शाळेत राहिले. पोरं पट्टीची पोहणारी झाली, वल्ही मारू लागली, पुरात लोकांना वाचवू लागली. ख्रिस्ती फारच थोडी झाली. मला स्वतःला हे प्रकरण वाचवत नाही. हेतू चांगला असेल, पण कडेला काठी घेऊन माणसं उभी असलेला खेळ तो कसला?

शिवोलीत काठी लागली नाही, याचं कारण माझ्या मते असं, की तिथे श्रद्धा आणि खेळ एकाच अंगणात होते. बहुतेक गावांत चर्चसमोर मोकळी जागा, पावसाळा संपून भात कापलं की सगळी शेतंच मैदान. रविवारी सकाळी मिस्सा, दुपारी सामना. फेस्ताला सामना. मुंबईला गेलेला गोंयकार धोबीतलावच्या कुडात उतरायचा. कूड म्हणजे एकेका गावाच्या माणसांची सामायिक खोली. एका भिंतीशी ट्रंकांची रांग, एका भिंतीशी वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा, तो चुकवायचा नाही. मुंबईतला गोवेकरांचा फुटबॉल अशाच माणसांमधून वाढला. नेव्हिल डिसूझा मूळचा शिवोलीशेजारच्या आसगावचा, खेळला मुंबईत. १ डिसेंबर १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं, त्यातले तीन गोल त्याचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या वर्षी चौथा आला. पुन्हा कधी तिथवर पोचला नाही.

आणि गंमत पुढेच आहे. ख्रिस्ती शिक्षण म्हणून आलेला हा खेळ स्वतंत्र गोव्यात मोठा केला तो साळगावकर, धेंपे, चौगुले या हिंदू खाणमालकांच्या संघांनी. १९८३-८४ ला गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली तेव्हा गोलपोस्टमध्ये ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर उभा होता. पुढे २०२२ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. फादर लायन्सनी हे पाहिलं असतं तर खूश झाले असते की गोंधळले असते, सांगता येत नाही.

याची उलट बाजू कलकत्त्याला दिसते. २९ जुलै १९११ ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली. इंग्रजांच्या पलटणीवर अनवाणी पायांचा विजय, असं आपण वाचलेलं असतं. दहा जण अनवाणी होते हे खरं. अकरावा, डावा बॅक सुधीर चॅटर्जी, बूट घालून खेळला. तो बंगाली ख्रिस्ती, भवानीपूरच्या मिशन कॉलेजात शिकवणारा, पुढे रेव्हरंड झाला. धर्म साहेबाचा, बूट साहेबाचे, आणि मैदानात मात्र साहेबाच्या विरुद्ध. त्याचा देव कुठल्या बाजूला आहे, असं त्या दिवशी त्या मैदानावर कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर कोल्हापूर. तिथे मिशनचा काही संबंध नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही सगळी तालमींची नावं. कुस्तीच्या तालमीतून फुटबॉलचे संघ निघाले, आणि तालीम म्हटली की मारुती आलाच. पेठेपेठेचं वैर, हलगी, गुलाल. शिवोलीत चर्चसमोर जे चालतं तेच इथे मारुतीसमोर.

मग सोलापूरला असं का झालं नाही? मिशन तर आपल्याकडेही १८६० च्या दशकापासून आहे. माझा अंदाज असा की ते मिशन अमेरिकन होतं आणि अमेरिकन माणसाचा हा खेळच नव्हे. त्यांच्या वायएमसीएने जगाला दिले ते बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल, १८९१ आणि १८९५ मध्ये. हॅरी क्रो बक या अमेरिकन माणसाने १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. देशभरातल्या किती पी.टी. मास्तरांची पाळंमुळं तिथे जातात! तर आपल्याकडचा फुटबॉल हा असा रेल्वे क्वार्टरमधून, एकेका घरातून आलेला. एक घर बदलून गेलं की संपणारा.

आता त्या वहीतली गोष्ट. आंतरशालेय स्पर्धेत आपण उपांत्य फेरीत गेलो होतो आणि सामना लागला रविवारी सकाळी आठला. तो म्हणाला, "साडेनऊपर्यंत येतो, उपासना सोडून नाही येता यायचं." कुणी म्हणालं हा माजलाय, कुणी म्हणालं याचा देव आपल्याला हरवणार. वेळ बदलून मिळते का, असं विचारायला आपल्यापैकी कुणी गेलं नाही. सर आदल्या दिवशी गावाला गेले होते. अकरा नावांची यादी द्यायची होती, ती मी लिहिली. त्याच्या नावापुढे मला कुणी सांगितलं नसताना 'गैरहजर' लिहिलं आणि खाली लाल रेघ मारली. मी चिडले होते. आपण ३-० हरलो. तो पावणेदहाला सायकल हाणत आला, बूट कॅरियरला बांधलेले. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली होती. त्याने कडेला बसून ती पाहिली, मग सगळ्यांना पाण्याची बाटली फिरवली. त्याची नजर माझ्या वहीकडे गेली, तो काही बोलला नाही. मार्चमध्ये त्याच्या वडिलांची बदली झाली. दहावीच्या वर्षी संघच उतरला नाही.

एरिक लिडेलची गोष्ट मला पुढे इंजिनिअरिंगला असताना कळली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो धावला नाही आणि चारशेमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. होस्टेलवर तो सिनेमा बघताना सगळ्या मुली टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या. मग ती लाल रेघ आठवली आणि मी उठून बाहेर गेले.

वही अजून आईकडे आहे, ट्रंकेत. मे महिन्यात घरी गेले तेव्हा काढून पाहिली. 'गैरहजर' खोडून पेनने '९.४५ ला हजर' असं लिहिलं आहे. तीस वर्षांनी रेकॉर्ड दुरुस्त करणं आमच्या धंद्यात चालत नाही, पण केलं.

त्याचा नंबर मिळाला आहे, तो येतोय. संयोजकांना एकच विनंती. कार्यक्रमपत्रिकेत 'जुन्या खेळाडूंचा सामना' रविवारी सकाळी आठला टाकलाय, तो दुपारी चारला घ्या. ऊनही उतरलेलं असेल. चेंडू तो आणतो म्हणालाय.